खातं इंग्रजीचं, ओळख मराठीची

बँकेत नवीन खातं उघडायचं तर पूर्वी ‘ओळख’ लागत असे. म्हणजे ज्याचं खातं आमच्या शाखेत आधीपासून आहे, अशा कुणा सद्गृहस्थानं फॉर्मच्या तळाशी सही करून सांगायचं, की या इसमाला मी ओळखतो. किती ओळखतो, हे आम्ही विचारत नसू. अर्ध्या पेठेची ओळख बँकेसमोरच्या चहावाल्यानंच दिलेली असे. हल्ली आधार कार्ड आलं, पॅन कार्ड आलं, आणि ओळखीची सही गेली. पण इतकी वर्षं काउंटरमागे बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. अनोळखी माणूस एकदम आत शिरत नाही. आतल्या कुणाचं तरी बोट त्याला धरावं लागतं.

भाषेचंही तसंच. मराठी मुलाच्या डोक्यात इंग्रजीचं खातं उघडायचं, तर ओळख द्यायची कुणी? तिथं आधीपासून खातं असलेला इसम एकच, तो म्हणजे मराठी. पोरगं सहा वर्षांचं झालं की त्याच्या खात्यावर आई, भूक, पाऊस, ‘मला नको’, ‘यानंच आधी मारलं’ एवढी शिल्लक जमलेली असते. ती वापरून पुढचा व्यवहार करावा, हे कुठल्याही कॉमर्सवाल्याला कळेल. पण गेली शंभर-सव्वाशे वर्षं मोठमोठे विद्वान सांगत आले, की नव्या भाषेच्या वर्गात जुन्या भाषेला दाराशीच थांबवा. ग्राहक आत यावा, आणि ओळख देणाऱ्याला मात्र वॉचमननं हुसकून लावावं, असा हा प्रकार! तो सुरू कुठून झाला, याचा शोध मी सुट्टीच्या दिवशी घेत बसलो. बँकवाल्यांना सुट्ट्या फार, असं लोक म्हणतातच. म्हटलं, एखादी सार्थकी लावावी.

शोध घेत घेत गेलो तो थेट १५७२ सालच्या पॅरिसमध्ये पोचलो. त्या वर्षी तिथं प्रॉटेस्टंट लोकांची भयंकर कत्तल झाली. जे वाचले त्यांतले पुष्कळसे जीव मुठीत धरून लंडनला पळाले. हातात कसब, खिशात चार नाणी, आणि तोंडात फक्त फ्रेंच. अशा निर्वासितांत झाक बेलो नावाचा एक मास्तर होता. त्यानं १५८६ साली या मंडळींसाठी एक छोटं पुस्तक काढलं. त्यात व्याकरणाचा घोळ नाही, सुभाषितं नाहीत. बाजारात गेल्यावर काय बोलायचं, जेवायला बसल्यावर काय म्हणायचं, रस्त्यात कुणी भेटलं तर काय विचारायचं, एवढंच. पानावर तीन रकाने. एका रकान्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात त्याचं फ्रेंच, आणि तिसऱ्यात त्या इंग्रजी वाक्याचा उच्चार, फ्रेंच माणसाला वाचता येईल अशा स्पेलिंगात.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. हे पुस्तक मी पाहिलेलं होतं! तुम्हीही पाहिलेलं आहे. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर, रेल्वेच्या फलाटावर, कपिल देवच्या जाहिरातीसकट. दिल्लीच्या पुस्तक महलचं ‘रॅपिडेक्स’! इकडे आपल्या भाषेतलं वाक्य, शेजारी इंग्रजी वाक्य, आणि त्याच्या शेजारी ‘व्हेअर आर यू गोइंग’ असं स्वच्छ देवनागरीत. चारशे वर्षांपूर्वीच्या निर्वासिताला लंडनच्या बाजारात जे लागलं, तेच नोकरी शोधायला निघालेल्या आपल्या पोराला लागलं. मधल्या काळात भाषा शिकवण्याची शास्त्रं कितीतरी आली आणि गेली. रकाने मात्र तीनचे तीनच राहिले.

आता खुद्द इंग्रजांची गंमत बघा. ते इथं आले तेव्हा त्यांना आपल्या भाषा शिकण्याची पाळी आली. विल्यम कॅरी हा मूळचा चांभारकाम करणारा माणूस, पुढे मिशनरी होऊन बंगालात आला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या साहेबांना शिकवू लागला. त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. ते लिहिलं कशात? इंग्रजीत. मग मोल्सवर्थसाहेबांनी पंडितांचा ताफा बसवून १८३१ साली तो जगड्व्याळ कोश काढला. मराठी शब्द, त्यापुढे अर्थ. अर्थ कशात? इंग्रजीत. मेजर कँडीसाहेबांनी १८४७ मध्ये उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. मराठीतल्या स्वल्पविरामाचं आणि पूर्णविरामाचं श्रेयही लोक याच कँडीसाहेबांना देतात. म्हणजे मी आता हे वाक्य जिथं थांबवतो आहे, ते थांबायलासुद्धा एका साहेबानं शिकवलं. तर सांगायचा मुद्दा असा, की साहेबाला मराठी शिकवताना कुणी म्हटलं नाही, ‘वर्गात इंग्रजी बोलाल तर खबरदार!’ साहेब आपली भाषा सोबत घेऊनच आपल्या भाषेत उतरला, आणि तिथून कोश घेऊन वर आला.

आपली माणसंही काही कमी नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून आपण त्याची जयंती करतो, भाषणं ठोकतो. पण ते निव्वळ मराठी नव्हतंच. पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी, शेजारी मराठी. आपल्या लोकांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी हा त्यातला एक उघड हेतू. विशीतला तो तरुण शास्त्री. ज्याला इंग्रजी येतं त्यानं डावीकडे वाचावं, ज्याला येत नाही त्यानं उजवीकडे, आणि ज्याला शिकायचं आहे त्यानं मान इकडून तिकडे हलवावी, अशी साधी सोय त्यानं केली. १८४० पर्यंत हे पत्र चाललं. मराठी वृत्तपत्राचा जन्मच मुळी इंग्रजीच्या शेजारच्या खोलीत झालेला आहे.

पुढे आली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. भाग पहिला, दुसरा, तिसरा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांनी इंग्रजी शिकलं ते या पाठमालेच्या बोटाला धरून. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. पुन्हा करा. इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हटल्याचं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगतात. असेल. पण वाघिणीचं दूध काही वाघिणीजवळ जाऊन कुणी प्यालं नाही. ते तर्खडकरांनी काढून, तापवून, साखर घालून पेल्यात दिलं, म्हणून महाराष्ट्राला पचलं.

आता वकिली एकतर्फी नको. या पद्धतीत खोट होती, आणि ती चांगली जाडजूड होती. आमच्या चाळीत एक आजोबा होते. जुने मॅट्रिक. साऱ्या चाळीच्या तारा तेच वाचत, सरकारी अर्ज तेच लिहीत. त्यांच्या अर्जातला स्वल्पविराम हलवायची मामलेदाराची छाती नव्हती. पण एखाद्या परक्या माणसानं रस्त्यात इंग्रजीतून वेळ विचारली, तर आजोबा आधी मनात उत्तराचं मराठी वाक्य रचत, त्यातला कर्ता शोधत, कर्म आहे का बघत, क्रियापदाचा काळ ठरवत, आणि तोंड उघडीपर्यंत तो माणूस आणि ती वेळ दोन्ही निघून गेलेली असत. ओळख देणारा खातेदार दर वेळी पैसे काढायला सोबत यायला लागला, तर काउंटरवर रांग लागणारच.

ही खोट फक्त आपल्याकडे नव्हती, साऱ्या युरोपात होती. तिथं लॅटिन जसं शिकवत तशाच जिवंत भाषाही शिकवत. नियम पाठ करा, शब्दांच्या याद्या पाठ करा, भाषांतर करा. त्याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे फ्रान्स्वा गुआँ नावाचे फ्रेंच गृहस्थ. हे लॅटिनचे शिक्षक. जर्मन शिकायचं म्हणून हँबर्गला गेले. लोकांत मिसळायचं सोडून खोलीचं दार लावलं आणि दहा दिवसांत जर्मन व्याकरणाचं पुस्तक पाठ केलं, वर अनियमित क्रियापदांचा सगळा तक्ता! अडीचशेच्या आसपास क्रियापदं होती ती. छाती फुगवून व्याख्यान ऐकायला गेले. एक अक्षर कळलं नाही. परत खोलीत. आता शब्दांचे मूळ धातू पाठ केले, आठशे. पुन्हा व्याख्यान. पुन्हा शून्य. शेवटी या महापुरुषानं जर्मन शब्दकोश हाती घेतला आणि महिनाभरात तीस हजार शब्द घोकले. निकाल काय? तोच. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, आणि गल्ल्यात दमडी नाही.

हात हलवत घरी परतले, तर तीन वर्षांचा भाचा तोंडाचा पट्टा सोडून फ्रेंच बोलत होता. ते गेले तेव्हा तो जेमतेम बोबडं बोलायचा. गुआँ त्या पोराकडे बघतच राहिले. पोर पिठाची गिरणी बघून आलं आणि घरी येऊन गिरणी-गिरणी खेळू लागलं. आधी पोतं भरलं, मग चाक फिरलं, मग पीठ पडलं, असं क्रमानं बडबडत. गुआँना साक्षात्कार झाला, की भाषा शिकायची ती अशी, कृती करत, क्रमानं बोलत. त्यांनी १८८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. साधं दार उघडायची क्रिया, तिची त्यांनी वीसएक वाक्यं केली. दाराकडे चाललो, दाराजवळ आलो, दारापाशी थांबलो, हात पुढे केला, कडी धरली... असं दार उघडेपर्यंत तासाची घंटा व्हावी.

याच सुमाराला अमेरिकेत दुसरा चमत्कार घडला. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८७८ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी भाषांची शाळा काढली. फ्रेंच शिकवायला मदतनीस हवा म्हणून निकोलस जोली नावाच्या फ्रेंच माणसाला पत्रानंच नेमलं. तो आला, आणि मग कळलं, की या भल्या माणसाला इंग्रजीचा गंधही नाही. तेवढ्यात बर्लिट्झ स्वतः आजारी पडले. करतात काय? सांगितलं, ‘वस्तूंकडे बोट दाखव, हातवारे कर, कसंही कर, पण वर्ग सांभाळ.’ सहा आठवड्यांनी बर्लिट्झ धास्तावून वर्गात आले, तर विद्यार्थी जोलीशी झकास फ्रेंच उच्चारात सवाल-जवाब करताहेत! निदान बर्लिट्झ कंपनी ही कथा अशी सांगते. मालाची कथा कारखानदार सांगतो तेव्हा सूट धरूनच ऐकावी. पण यातून एक पद्धत जन्माला आली खरी. वर्गात शिकायची ती भाषा सोडून दुसरा शब्द नको. हिलाच पुढे ‘डायरेक्ट मेथड’ म्हणू लागले.

माझ्या कारकुनी डोक्याला इथं एक शंका आली. मातृभाषा बाहेर काढली ती ती वाईट म्हणून की मास्तरला येत नव्हती म्हणून? जोलीच्या घरात मीठ नव्हतं, म्हणून त्यानं अळणी भाजी केली. ती लोकांना आवडली, तर जोलीचं कौतुक करा. पण ‘मीठ हे विषच’ असा नियम कुणी काढला? बर्लिट्झच्या शाळा पुढे गावोगाव निघाल्या. शिक्षक परमुलखातले, विद्यार्थी दहा भाषांचे. तिथं कुणा एकाची मातृभाषा वापरायची तरी कशी? अडचणीतून काढलेली वाट होती ती. लोकांनी तिला राजमार्गाची पाटी लावली.

ही पाटी हिंदुस्थानातही आली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात पी. सी. रेन नावाचे साहेब होते. हिंदुस्थानातल्या शाळांत इंग्रजी ‘डायरेक्ट’ कसं शिकवावं, यावर त्यांनी पुस्तकच लिहिलं. नाव ओळखीचं वाटतं ना? तेच ते, ‘रेन अँड मार्टिन’मधले! बँकेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं उशाला घेतलेलं ते व्याकरण. शिवाय १९२४ साली गाजलेली ‘बो जेस्ट’ ही परदेशी लष्करातली थरारक कादंबरीही यांचीच. व्याकरण न सांगता थेट शिकवा म्हणणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडे टिकलं ते व्याकरणातल्या रिकाम्या जागा भरून घेण्यासाठी. नियतीलाही विनोदबुद्धी असते.

डायरेक्ट मेथडचं दर्शन आम्हाला पाचवीत झालं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. आमचे सर एरवी मराठीत समजावून इंग्रजी शिकवत, आणि उत्तम शिकवत. पण एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून फर्मान निघालं, की तासाला एकही मराठी शब्द नको. सरांनी खडू उचलून खडू दाखवला, डस्टर दाखवलं, ठीक चाललं. मग ‘आय ॲम गोइंग टु द डोअर’ म्हणत सर दाराकडे निघाले. ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ म्हणून दार उघडलं. एवढं बघून मागच्या बाकावरच्या पोरांनी दप्तरं आवरली आणि ती घरी जायला उठली. दाराकडे जाऊन दार उघडलं याचा शाळेच्या भाषेतला अर्थ एकच होतो. साहेब हसले. सर हसले नाहीत. खडू दाखवता येतो. ‘बिकॉज’ कसा दाखवायचा, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. प्रामाणिकपणा कुठल्या खिशातून काढून दाखवणार?

आणि जे दाखवता येतं तेही नीट दिसतं असं नाही. ‘अंकल’ म्हणून मिशीवाल्याचं चित्र दाखवलं, तर पोरानं काय समजावं? काका, मामा, आत्याचे यजमान, की मावशीचे? इंग्रजीत हे सगळे एकाच पिशवीत कोंबलेले असतात, हे मराठीतून सांगितलं तर अर्ध्या मिनिटात कळतं, वर हसू येतं ते वेगळं. ‘आम्ही चाललो’ आणि ‘आपण चाललो’ या दोहोंना साहेबाकडे ‘वी’ एकच. आपल्याला भूक लागते, साहेब स्वतःच भुकेला असतो. आपल्याला थंडी वाजते. हे ज्याला कुणी समजावलं नाही तो ‘कोल्ड इज रिंगिंग’ म्हणणार, आणि जो मास्तर मराठी जाणतो त्यालाच ही घंटा आधी ऐकू येणार. मराठीमुळे इंग्रजी बिघडतं म्हणतात. बिघडतं ते मराठी गुपचूप काम करते तेव्हा. तिला समोर बसवून दोघींचा हिशेब जुळवला, तर फरक कुठं आहे तो सापडतो. रोज संध्याकाळी कॅश जुळवणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको.

पण विद्वानांना ते पटायला वेळ लागला. १९६१ साली आफ्रिकेत युगांडातल्या मकेरेरे इथं इंग्रजी शिकवण्यावर राष्ट्रकुल देशांची मोठी परिषद भरली. एकेक देश स्वतंत्र होत होता, आणि साऱ्यांना इंग्रजीचे तज्ज्ञ हवे होते. तिथल्या विचारांचं सार पुढे पाच कलमांत सांगितलं गेलं. इंग्रजी हे इंग्रजीतूनच शिकवावं; शिक्षक जन्मानं इंग्रजी बोलणारा असावा; जितकं लवकर सुरू तितकं बरं; जितकं जास्त तितकं बरं; आणि दुसऱ्या भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरेल. रॉबर्ट फिलिप्सन नावाच्या भाषातज्ज्ञानं १९९२ साली ही पाच कलमं एका ओळीत मांडली आणि पाचांनाही ‘भ्रम’ म्हटलं. त्यांतलं पहिलं कलम कुणाच्या सोयीचं, ते बघा. गावच्या मास्तरला दोन भाषा येतात, परदेशी तज्ज्ञाला एकच. नियम असा केला, की दोनवाला अपात्र आणि एकवाला लायक! आमच्या बढतीच्या धोरणाशी याचं साम्य दिसल्यास तो योगायोग समजावा.

या नियमाची दुसरी बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंग्लंडच्या शेजारीच वेल्स आहे. तिथल्या लोकांची वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी निराळी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत लाकडाचा एक तुकडा असे, त्यावर ‘वेल्श नॉट’ची अक्षरं कोरलेली. कुणी पोर वेल्श बोलताना सापडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात. मग त्यानं कान टवकारून दुसरा बोलणारा शोधायचा आणि तुकडा त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. म्हणजे पोरांनी एकमेकांची आईची भाषा पकडून द्यायची. १८४६ साली सरकारनं तिथल्या शाळा बघायला तीन इंग्रज साहेब पाठवले, त्यांना स्वतःला वेल्श येत नव्हतं. त्यांनाही दिसलं, की पोरं इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचतात आणि वाचलेल्याचा अर्थ त्यांना कळत नाही. केनियात लहानपणी असलाच प्रकार अनुभवल्याचं गूगी वा थिओंगो या लेखकानं १९८६ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे गळ्यात लाकूड घालत नाहीत. मराठी बोललं की दंड, एवढंच काही शाळांत असतं. आपण सुधारलेले लोक.

पण इतिहासाचा हिशेब कधी कधी त्याच शाखेत जुळतो. १९६७ साली सी. जे. डॉडसन नावाच्या प्राध्यापकानं द्वैभाषिक पद्धतीवर पुस्तक लिहिलं. ते शिकवत होते वेल्समधल्याच ॲबरिस्टविथच्या कॉलेजात. त्यांनी पाहिलं, की चित्र दाखवून, हातवारे करून अर्थ पोचवण्यात जो वेळ जातो तो निव्वळ बुडीत खाती जमा. आडवा पडलेला मुलगा दाखवला, तर तो झोपलाय, आजारी आहे, की गादीची जाहिरात करतोय, हे पोरानं ओळखायचं कसं? डॉडसन म्हणाले, मास्तरनं इंग्रजी वाक्य म्हणावं, त्याचा अर्थ एकदाच मुलांच्या भाषेत सांगावा, आणि लगेच चित्र समोर ठेवून मुलांकडून इंग्रजीच बोलून घ्यावं. मातृभाषा वापरायची ती मास्तरनं, तीही अर्थापुरती. मुलांनी बोलायचं ते इंग्रजी. पुढे हळूहळू तो आधारही काढून घ्यायचा. आमच्या बँकेच्या नियमपुस्तकात बसेल अशी पद्धत. ओळखीची सही पहिल्या दिवशी एकदा. नंतरचे व्यवहार खातेदारानं स्वतः करायचे. तर्खडकरांच्या शाळेत सही रोज मागत, बर्लिट्झच्या शाळेत एकदाही मागत नसत. चाळीतल्या आजोबांना बोलता आलं नाही ते एका टोकामुळे, आणि आमच्या सरांची पोरं दप्तर घेऊन उठली ती दुसऱ्या टोकामुळे.

हा सगळा वाद विद्वानांचा राहिला असता तर मी सुट्टी घालवली नसती. पण आपल्याकडे जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. शिवाय ज्याला परवडतं तो, आणि परवडत नाही तोही, मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. कुणी हौसेनं घालत नाही, भीतीनं घालतो. इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून शिकणं हे दोन निरनिराळे व्यवहार आहेत, हे फी भरताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

मी स्वतः बारावीनंतर कॉमर्सला गेलो तेव्हा सगळं इंग्रजीत. डेबिट-क्रेडिटचे नियम प्राध्यापक खणखणीत इंग्रजीत सांगत. आम्ही मराठी शाळेतले चाळीस जण खणखणीत काही न समजता बसत असू. मग ते एकदा दाराकडे बघत आणि आवाज खाली आणून म्हणत, ‘अरे, वस्तू आली की नावे टाका, गेली की जमा करा.’ वर्गात दिवे लागत. त्या हळू आवाजातल्या एका वाक्यावर माझा संसार चालला आहे. पण तो आवाज हळू का होता? चोरी नव्हती ती, शिकवणं होतं. असे कितीतरी मास्तर आणि बाई आजही दाराकडे बघून मराठी बोलतात, आणि वर आपण काही कमी दर्जाचं करतोय असं मनाला लावून घेतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे, की मुलाची घरची भाषा शाळेच्या माध्यमाहून वेगळी असेल तिथं शिक्षकांनी दोन्ही भाषा वापरून शिकवायला उत्तेजन द्यावं. सर्क्युलर निघालं की ते काउंटरपर्यंत यायला किती दिवस लागतात, हे मी सांगायला नको.

आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावशींनी नातवाला पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घातलं. पोरगं घरी असलं की तोंडाला खळ नाही. शाळेत मात्र वर्षभर एक अक्षर बोललं नाही. शाळेनं प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘व्हेरी क्वाएट अँड वेल-बिहेव्ड.’ मावशी ते पुस्तक माझ्याकडे वाचायला घेऊन आल्या. मी अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, ‘दादा, म्हणजे चांगलं का वाईट?’

पुढच्या वर्षी वर्गाला नव्या बाई आल्या. मधल्या सुट्टीत पोरगं पडलं, गुडघा फोडून घेतला. बाईंनी सरळ विचारलं, ‘काय झालं रे बाळा?’ झालं, धरण फुटलं. कुणी ढकललं, कसं ढकललं, आधी काय झालं होतं, सगळं मराठीत बाहेर आलं. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं, जखम पुसली आणि म्हणाल्या, ‘हे इंग्रजीत असं सांगायचं, आय फेल डाउन.’ पोरानं म्हणून बघितलं. मग पुढचा आठवडाभर ते पडो न पडो, जिन्यात भेटेल त्याला थांबवून गुडघा दाखवत होतं आणि सांगत होतं, ‘आय फेल डाउन!’

मावशी म्हणाल्या, ‘दादा, पोरगं इंग्रजी बोलाया लागलं.’ खातं उघडलं गेलं होतं.